सासऱ्याला दाखवायची नागीण

बावळटपणा सगळेच करतात हो. पण त्यासाठी दोन दिवस आधीपासून तयारी करणारा, बाजारातून सामान आणणारा अन् आरशासमोर उभं राहून तो नीट जमलाय का ते बघणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? नाही ना? मग माझ्याकडं बघा. आणि तो कप जरा खाली ठेवा, ठसका लागेल.

वडवणीत स्टँडजवळ माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडं येतात. मोटार अजून टेम्पोतून खाली उतरत असते, तोवर मी वासावरून सांगतो, कुठली कॉइल गेली. त्यामुळं झालं काय, की बिघाड ओळखणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं माझं मत पक्कं झालं. मोटारीचा असो, मिक्सरचा असो, नाहीतर माणसाचा!

तर एका सोमवारी मला नको त्या जागी मुंग्या यायला लागल्या. नको त्या म्हणजे कुठं, ते समजून घ्या. चारचौघांत हात लावता येत नाही, तिथं. आधी मुंग्या, मग आग. अंग मोडून आल्यासारखं, जरा कणकण. जांघेत बोरासारख्या गाठी. मी म्हटलं, उष्णता. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं दुकान, दुसरं काय असणार? सब्जा प्यायलो, गुलकंद खाल्ला, ताकाचे तांबेच्या तांबे रिचवले. काही उपयोग नाही.

बुधवारी सकाळी बघतो तर बारीक बारीक फोड. ज्वारीच्या दाण्यांएवढे, एकाला एक चिकटून, आत पाणी भरलेलं. लघवीला बसलो तर डोळ्यांत पाणी आलं हो! भिंतीला धरून उभा राहिलो.

दुकानात गेलो तर शेजारचा सलीम गाडीचं चाक काढत बसला होता. सलीम म्हणजे मोटारसायकलचा मिस्त्री. आमची लहानपणापासूनची दोस्ती, म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप नाही.

"काय बे सुदाम, असा कावून चालतो? पायामधी कलिंगड धरल्यावानी?"

"उष्णता हाय."

"उष्णता मलाबी हाय. मी तर नीट चालतो."

शेवटी त्याला हळूच कानात सांगितलं. सलीम हसला नाही. हातातला पाना खाली ठेवला अन् म्हणाला, "बीडला जा. कातडीच्या डॉक्टरला दाखव. आज जा, उद्या नको."

बघा, एका वाक्यात सगळं मिटत होतं. किस्साच झाला नसता. पण मी कोण? मी म्हटलं, "सलीम, बिघाड काय ते कळल्याशिवाय मिस्त्रीकडं जाणारा गिऱ्हाईक मला आवडत न्हाई. आधी मी बघतो."

"तू काय बघतो बे? तुला काय दिसतंय तिथलं?" सलीम म्हणाला. पण मी दुकानात जाऊन मोबाइल काढलासुद्धा.

माझ्या बोटांना कायम वार्निश लागलेलं, म्हणून मी फोनला तोंडानं विचारतो. इकडं तिकडं बघून हळूच म्हणालो, "खालच्या जागेवर बारीक फोड, लई आग." फोननं काय ऐकावं? त्यानं मला बारीक फोडणीच्या झणझणीत आमटीच्या सात कृती दाखवल्या.

मग बोटं रॉकेलनं पुसली अन् एकेक अक्षर टाइप केलं. आलं नाव. हर्पिस! लक्षणं वाचत गेलो अन् मान हलवत गेलो. आधी मुंग्या, बरोबर. पाण्याच्या फोडांचा झुबका, बरोबर. जांघेत गाठी, लघवीला आग, कणकण, सगळं बरोबर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आजार झाल्याचा नाही, ओळखल्याचा.

पुढच्या ओळीवर मात्र आनंद सांडला. तिथं लिहिलं होतं, हा आजार शरीरसंबंधातून पसरतो.

आता आली का पंचाईत? लग्नाला चौदा वर्षं झाली. मी वडवणी सोडून फार तर बीडला जातो, तांब्याची तार आणायला. बायकोशिवाय दुसरीकडं कधी बघितलं नाही. पण हे बायकोला सांगायचं कसं? तिनं ही एक ओळ वाचली तर माझी चौदा वर्षं गेली पाण्यात. खरंच सांगतो, त्या दिवशी तीन मोटारी आल्या अन् मी एकीचाही वास घेतला नाही.

तेवढ्यात दुसऱ्या एका पानावर वाचलं, 'हर्पिस म्हणजे नागीण.'

सुटलो! अहो, नागीण म्हणजे किती अब्रूदार आजार! कुणालाही होते. छातीला, पाठीला, कंबरेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना होते, गुरुजींना होते. लोक फळं घेऊन बघायला येतात. मी म्हटलं, एकाच आजाराची दोन नावं असतील, तर घरात सांगण्यासारखं घरात सांगावं. खोटंही नाही अन् भांडणही नाही.

गुरुवारी सकाळी जेवताना सुनंदाला म्हणालो, "अगं, मला नागीण झालीय वाटतं."

तव्यावरची भाकर तशीच राहिली. "अगंबाई! कुठं?"

"कंबरेला."

"बघू!"

"आता नको. वारं लागतं तिला."

"नागिणीला कुठं वारं लागत असतंय?" असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कंबरेची नागीण लई वाईट हो. तोंड अन् शेपूट एक झालं की मानूस हाताला लागत न्हाई म्हणतात."

मी तिला समजावायला तोंड उघडणार, तोवर तिनं फोन लावलासुद्धा. "आण्णा, मी सुनंदा. यान्ला नागीण झालीय…"

इथं एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ती मला चौदा वर्षं माहीत होती, पण नेमकी त्या घडीला डोक्यातून गेली होती. आमचे सासरे चौसाळ्याचे. अन् चौसाळ्यात नागीण आखणारा जो एकमेव माणूस आहे, तो म्हणजे आमचे सासरे! गेरू कालवायचा, काडीनं नागिणीच्या तोंडापुढं रेघ ओढायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचं. चाळीस वर्षं करतात. दहा गावांची माणसं येतात. अन् मी त्यांच्याच पोरीला सांगून बसलो होतो, नागीण झालीय म्हणून!

फोन स्पीकरवर होता. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आवाज घरभर घुमला. "जावईबापू, घाबरू नका. मी शनिवारी येतो. शनिवारीच आखतो मी. काय न्हाई, धोतर-पॅन्ट जरा खाली घ्यायची, दोन रेघा वडायच्या, झालं."

धोतर-पॅन्ट खाली घ्यायची! सासऱ्यासमोर!

मी तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं की नाही? पण डोक्यात वेगळंच चाक फिरायला लागलं. मी म्हटलं, सुदाम, त्यांना कंबरेवर नागीण हवीय ना? मग कंबरेवर नागीण दाखवू.

बिब्बा माहिती असेल तुम्हाला. काळं चपटं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं. ते तेल अंगाला लागलं की काहींचं कातडं लाल होतं, फोड येतात. बिब्बा उतला, म्हणतो आपण. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या हातावर उतलेला मी लहानपणी बघितला होता. अगदी नागिणीसारखा दिसायचा. निदान मला तरी.

त्याच दिवशी आठवडी बाजार होता. जडीबुटीवाल्याकडून दोन बिब्बे आणले. त्यानं विचारलं, "कशाला पायजे?" मी म्हटलं, "घरात असावा." दुपारी सुनंदा शाळेत पालकसभेला गेली, तेव्हा मी दार लावून घेतलं. कंबरेच्या उजव्या बाजूला बिब्ब्याच्या तेलाची एक वळणदार रेघ ओढली. नुसती रेघ नाही हो! एका टोकाला जरा जाड ठिपका दिला. तोंड म्हणून. आरशात बघितलं. कलाकुसर अशी झकास जमली होती की मला वाटलं, मामांनासुद्धा शिकवीन.

शुक्रवारी सकाळी नुसती खाज. दुपारी लाल. संध्याकाळी म्हणाल तर, देवा रे देवा! कंबर पुरीसारखी टम्म फुगली. रेघेची वळणं कुठल्या कुठं गेली. हाताच्या पंज्याएवढा चट्टा, त्यावर मोठेमोठे फोड, पिवळं पाणी. आता मला बसता येईना खालच्यानं अन् वळता येईना वरच्यानं. सलीम म्हणाला, "कालच्यापेक्षा आज येगळा चालतोय बे तू. परवा कलिंगड होतं, आज काय?" तो पुन्हा म्हणाला, "बीडला जा." मी म्हटलं, "उद्या सासरे यायलेत." सलीमला या दोन्हींचा संबंध काही लागला नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं मामा आले. पांढरं धोतर, टोपी, खिशात गेरूची पुडी. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, दोन मिनिटं टेकले अन् म्हणाले, "चला जावईबापू. वर घ्या शर्ट."

मी मोठ्या तोऱ्यात शर्ट वर केला. सुनंदानं बघितलं अन् "आई गं!" म्हणून तोंडाला पदर लावला. मामा वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. नाक जवळ नेऊन वास घेतला. मग सरळ झाले अन् गेरूची पुडी परत खिशात ठेवली.

"जावईबापू, ही नागीण न्हाई. हा बिब्बा हाय."

"न्हाई मामा, नागीणच हाय." मी ठासून सांगितलं. बघा माझी हिंमत! "मोबाइलवर बघितलंय मी."

"मोबाइलवर आसंल. कंबरेवर बिब्बा हाय. नागीण अशी चारी बाजूंनी पसरत न्हाई, अन् तिला बिब्ब्याचा डाग पडत न्हाई. ह्यो बघा, काळा." ते अजिबात चिडले नव्हते. मोटार बघून मी जसं सांगतो, तसं सांगत होते. "कावून लावला?"

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मी पाय कसे फाकवून उभा आहे ते बघितलं. चाळीस वर्षं माणसं बघितलेला माणूस तो. टोपी नीट केली अन् म्हणाले, "सुनंदे, मी जरा भाईर वट्ट्यावर बसतो. तुमी दोगं बोला."

दार लागलं. सुनंदा समोर उभी. आता ती रडत नव्हती, तेच जास्त भीतीचं होतं.

"काय झालंय खरं?"

सांगितलं. सगळं सांगितलं. मुंग्या, फोड, मोबाइल, ती ओळ. खाली बघूनच सांगितलं.

बाहेर मामा उगाच खाकरत होते. मग तिनं विचारलं, "भाईर कुठं गेलतात का?"

अहो, हा प्रश्न तिनं ओरडून विचारला असता तर बरं झालं असतं. इतक्या हळू विचारला!

"न्हाई गं. तुझी शपथ."

"माझी कावून? तुमची घ्या."

"माझी शपथ. कुठं गेलो न्हाई. ह्ये कुठनं आलं, मला ठाव न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग कंबरेकडं. "सासऱ्याला दाखवायला बिब्बा लावून घेणारा मानूस," ती म्हणाली, "भाईर जाऊन पचवू शकत न्हाई. त्येला अक्कल लागते. चला बीडला."

चौदा वर्षांत माझ्या चारित्र्याचा इतका भक्कम पुरावा कुणी दिला नव्हता. अपमान होता की कौतुक, ते मी विचारत बसलो नाही.

बीडला कातडीच्या डॉक्टर म्हणजे एक मॅडम. बाहेर बाकावर गर्दी. मामाही सोबत आले होते. तिथं नेमका चौसाळ्याचा एक ओळखीचा भेटला. "आण्णा, इकडं कुणीकडं?" मी तोंड दुसरीकडं वळवलं. मामा मोठ्यानं म्हणाले, "जावयाला बिब्बा उतलाय." झालं. विषय संपला. त्यांनी मला खरं काय आहे ते कधीच विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

नंबर आला. आम्ही नवराबायको आत गेलो. मी खुर्चीवर अर्धवट टेकलो अन् मॅडमनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "मॅडम, मला हर्पिस झालाय."

मॅडम म्हणाल्या, "वा. मग मी काय करू?"

सुनंदा खुदकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मॅडमनी पडद्यामागं नेलं. आधी शर्ट वर करायला लावला.

"हे काय?"

"बिब्बा."

"कुणी लावला?"

"मीच."

"कशासाठी?"

"सासऱ्यांना दाखवायला."

मॅडमनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, चष्मा परत घातला. पुढचं विचारायचं त्यांनी टाळलं. मग खालचं तपासलं. कधीपासून, आधी मुंग्या होत्या का, ताप होता का, पूर्वी कधी असं झालं होतं का, एकेक विचारत गेल्या. इतक्या सहज, की माझी लाज पाच मिनिटांत गेली. आपण मोटारीला लाजतो का? तसंच त्यांचं.

बाहेर येऊन आम्हा दोघांना समोर बसवलं. "नाव तुम्ही बरोबर ओळखलं असावं," त्या म्हणाल्या. मी लगेच सुनंदाकडं बघितलं, बघितलंस का म्हणून! "पण नुसतं बघून नक्की म्हणता येत नाही. अशा जखमा दुसऱ्या आजारांतही येतात. म्हणून मी फोडातलं पाणी काडीवर घेतलंय, ते तपासायला जाईल. रक्तही द्या, बाकीचे संसर्ग नाहीत ना ते बघू. आणखी आठवडाभर घरी बसला असतात तर फोड वाळले असते अन् काडीवर घ्यायला काही उरलं नसतं."

"आन् मॅडम, नागीण?" सुनंदानं विचारलं.

"नागीण वेगळी. तिचा विषाणू वेगळा, जात तेवढी एक. नावाच्या सारखेपणानं लोक फसतात. अन् नागिणीचं तोंड-शेपूट एक होऊन कुणी मरत नाही. तेही मनातून काढा."

मग त्यांनी सुनंदाला विचारलं, "तुम्हाला ओठावर कधी फोड येतात का? तापात, उन्हात?"

"येतात की. वर्षातून एकदा. मागच्या महिन्यात ताप आल्ता, तवा आलते."

"तोही याच घराण्यातला विषाणू असतो. ओठावरून खाली जाऊ शकतो. इथं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. हा अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो, दोघांपैकी कुणाच्याही, लग्नाच्या आधीपासूनसुद्धा. कुठून आला ते बहुतेक वेळा कळत नाही. म्हणून कुणी कुणाकडं बोट दाखवायचं नाही. जखमा बऱ्या होईपर्यंत लांब राहायचं, पुढंही निरोध वापरलेला बरा. तुम्हाला काही जाणवलं तर लगेच दाखवायचं. गोळ्या आजपासून सुरू."

सुनंदाचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे माझ्याच ओठाचं…?"

इथं मी फार मोठं मन दाखवलं. म्हणालो, "असू दे सुनंदा. मी माफ केलं तुला."

ती वळली. "आन् बिब्बाबी मीच दिला का?"

मॅडम तोंडावर हात धरून कागद शोधायला लागल्या.

रिपोर्ट आला. हर्पिसच निघाला. बाकी सगळं साफ. गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत खालचं सगळं वाळलं, कातडी पहिल्यासारखी झाली. मी सलीमला जाऊन सांगितलं, "बघ, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!" सलीम म्हणाला, "मीबी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

पण कंबर! कंबर महिना झाला तरी बरी होईना. मलम, पट्टी, पुन्हा मलम. उताणं झोपायचं नाही, पट्टा बांधायचा नाही. दुकानात पायजम्यावर बसायचो. शेवटी तपासणीला पुन्हा बीडला गेलो. मॅडमनी दोन्ही जागा बघितल्या, समाधानानं मान हलवली. माझी छाती पुन्हा फुगली. म्हटलं, आता एक शहाण्यासारखा प्रश्न विचारावा.

"मॅडम, हे पुन्हा होतं का हो?"

"दोन आजार आहेत तुम्हाला," मॅडम फाइल बंद करत म्हणाल्या. "पहिला कधी उलटला तर मुंग्या आल्याबरोबर या, माझ्याकडं गोळ्या आहेत. बिब्बा ज्याच्यामुळं लावला, तो दुसरा. त्याच्यावर मात्र अजून औषध निघालेलं नाही."